फ्लोट पुन्हा गळतोय

रविवार, २ नोव्हेंबर
पुन्हा गळतोय! महिन्यात तिसऱ्यांदा. पोर्चमध्ये पेट्रोलचं थारोळं, आई नाकाला पदर लावून उभी. बाबांची मोटारसायकल माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. कार्बोरेटरमधला पितळी फ्लोट पोकळ असतो. त्याला भोक पडलं की आत पेट्रोल शिरतं, तो बुडतो आणि टाकीतून येणारं पेट्रोल थांबतच नाही. गरम पाण्यात धरला — बुडबुडे आले. आतलं पेट्रोल झटकून गच्चीवर उन्हात ठेवला. ओल्यावर सोल्डरिंग केलं तर भडकायचा.
आठवडाभर आयटीआयमध्ये मुलांना सोल्डरिंग शिकवायचं, रविवारी घरी तेच. कंटाळा आलाय, खरंच. नवा कार्बोरेटर घेऊ म्हटलं, तर बाबा म्हणाले, एवढ्याशा भोकासाठी? कोर्टातली नोकरी संपून सोळा वर्षं झाली, काटकसर काही रिटायर झाली नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
कथलाचा अगदी थेंबभर डाग देऊन भोक बुजवलं. जास्त झालं तर फ्लोट जड होतो आणि पुन्हा तीच रड. कानशीने घासून बसवला. गळत नाही. मान अवघडलीय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
सकाळी परत थारोळं!
दर गुरुवारी बाबा वळसंगला वीरभद्रप्पाकाकांकडे जातात. कोर्टात दोघं शेजारच्या टेबलांवर होते. काका आता अंथरुणावरून उठत नाहीत, बाबांची वाट बघतात. हा चौथा गुरुवार चुकला. माझ्या स्कूटरवर चला म्हटलं. "गाडी नीट झाली की जाईन," म्हणाले आणि पेपर उघडला. म्हणजे माझंच काम कच्चं! लागलं मला.

शनिवार, ८ नोव्हेंबर
फ्लोट घेऊन कुंभारीला महादेवप्पा मेस्त्रींकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहिला.
"ताई, तुमचा डाग पक्का हाय की. हे भोक दुसरंच हाय. गंजानं न्हाय, टोकदार कशानं तरी पाडलंय."
घरी येऊन आईवर घसरले. तिलाच ती गाडी नको असते. ती मेथी निवडत होती.
"मी नाही गं. ह्यांच्या टोच्याचं काम आहे, फायलींना भोकं पाडायचा तो. दसऱ्यानंतर ट्रकखाली जाता जाता वाचले. तेव्हापासून गाडी चालवायची भीती बसलीय. तुला सांगतील होय?"
काय काय बोलले होते मी तिला. लाज वाटली. आणि बाबांचा राग आला, मग तोही टिकला नाही. घाबरलो म्हणायला नको म्हणून महिनाभर मित्राला भेटले नाहीत.

सोमवार, १० नोव्हेंबर
तरी डाग दिलाच. बाबा शेजारी उभे. आता नाही ना गळणार, असं दोनदा विचारलं. नाही म्हटलं. नीट जेवले नाहीत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
आज भोक मी पाडलं. चांगलं मोठं. बाबांना म्हटलं, आता माझ्याच्यानं होत नाही.
त्यांनी फ्लोट हातात घेऊन भोकावरून बोट फिरवलं. मग वळसंगला जायला माझ्या स्कूटरवर मागे बसले.