जाड तेल

सातपूर, नाशिक
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय नवनाथ,

घरी वहिनी, मुलं बरी असतील. तुमच्या कळवणला आता थंडी पडली असेल. सोळा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत.

माझ्या मानेतल्या इंजेक्शनला किती पडले ते आधी सांगतो. लोकांना मी सांगतो, दोन तासांत घरी आलो आणि एकेचाळीस दिवस दुखलं नाही. खरं असं, की ते एकेचाळीस दिवस मी सर्जनची पायरी चढलो नाही. मला ते इंजेक्शन त्या दिवसांना पडलं.

मानेतली चकती सरकली आहे. खांद्यापासून अंगठ्यापर्यंत अशी कळ जायची की दाढदुखी हातात उतरावी. इंजेक्शनने ती थांबली.

बाकी मी तोच आहे. परवा ललितने अंबडला एक जुनी लेथ दाखवायला नेलं. ललित म्हणजे आपल्या शेजारच्या गाळ्यातला. विकणाऱ्याने आवाज दाबायला हेडस्टॉकच्या गिअरपेटीत जाड तेल भरलं होतं. मी दारातूनच म्हणालो, "शेठ, तेल काढा, मग भाव बोलू." त्याचा चेहरा बघायला हवा होतास. आणि बोटंही तीच आहेत. बुशवरून फिरवलं की केसाच्या निम्म्या जाडीची पायरी लागते. मोजायचं साधन आपण गिऱ्हाइकाच्या समाधानाला ठेवतो.

आशाने ओढतच सर्जनबाईंकडे नेलं. बाई वयाने माझ्या पोराएवढ्या, आपल्या मनोजएवढ्या. म्हणाल्या, "काका, दहा सेकंद मूठ भराभर उघडा-मिटा."

अकरा वेळा झाली. मला वाटलं, जमलं.

"वीस व्हायला हव्यात. चालताना अडखळता?"

"चप्पल निसटते कधी कधी."

"इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं?"

विचारलं होतं. मी नाही म्हणालो होतो. आशा माझ्याकडे बघत म्हणाली, "दुसऱ्याच्या मशीनचं दुखणं यांना रस्त्यावरून ऐकू येतं, बाई."

बाईंनी समजावलं. दुसरं इंजेक्शन घेतलं तर कळ कदाचित आणखी काही दिवस दबेल, पण मज्जारज्जूवरचा दाब त्याने जात नाही. तो ऑपरेशननेच काढावा लागेल. मी विचारलं, "खोलल्यावर सगळं परत बसेल ना?" हसल्या. "बसवूनच पाठवते, पार्ट उरत नाहीत." मग विचारलं, हात पहिल्यासारखे होतील का. तेव्हा हसल्या नाहीत. "तसं वचन देत नाही, काका. आहे ते राहावं म्हणून करायचं."

सत्तावीस तारखेपर्यंत काय ते सांगायचं आहे. मनोज म्हणतो करा. ललितचा मेहुणा म्हणतो, मानेला चाकू लागला की माणूस संपला. मी दोघांना हो म्हणतो. रोज सकाळी ठरवतो आणि जेवेपर्यंत मोडतो. असा मी कधी नव्हतो, तुला माहीत आहे.

नवनाथ, आता इतकं लिहिलंच आहे तर.

आपली ती मोठी लेथ. तू म्हणाला होतास, "भिका, आतून घरघरतंय. हेडस्टॉक खोलू." मी म्हणालो, मला काही ऐकू येत नाही, ऑर्डर जाऊ दे. दुसऱ्या दिवशी घरघर नव्हती, आणि तू म्हणालास, माझाच कान खोटा. मशीन चालू करून कामाला लागलास. फिरत्या जॉबला पॉलिश पेपर लावताना स्पिंडल डुललं, पेपरने हात ओढला आणि तुझी दोन बोटं गेली.

मी सगळ्या सातपूरला सांगितलं की मशीन ठणठणीत होतं, नवनाथची नजर चुकली. तूही तेच खरं मानून गाव गाठलंस.

मला तुझ्या आधी आठ दिवस ऐकू येत होतं. आदल्या संध्याकाळी जाड तेल मीच भरलं.

माफी मागत नाही, ती मागायची लाज वाटते. पण बाईंनी इंजेक्शनचं समजावलं तेव्हा मला त्या तेलाशिवाय दुसरं काही दिसेना. माझ्या मानेचं मला काहीच कळत नाही, आणि ज्याचा कान खरा होता त्याला मी खोटं पाडलं. म्हणून विचारतो. तू एकदाच सांग, खोलू की नको. तू शिवी घालून सांगितलंस तरी मी तेच करीन. फोन मुद्दाम केला नाही, माझा आवाज ऐकून ठेवून दिला असतास. पत्र मनोज आणून देईल. त्याला यातलं काही माहीत नाही. चहा पाजलास तर पाज.

अक्षर वाकडं आहे, तीन दिवस लिहितोय.

ज्याला तेव्हा ऐकू आलं होतं, तो
भिका

ता. क. दिवाळीपासून माझ्या शर्टाची बटणं आशा लावते.