घरचं विमान

३ नोव्हेंबर

आज जुन्या फोटोंतली चार विमानं निकालात काढली! मास्तरांनी तीन, मी एक. पण माझं अवघड होतं, अर्धं विमान तंबूआड, त्यामुळे मास्तरांच्या तीनचं मला फारसं कौतुक नाही. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघे निवृत्त जीव, एक टेबल, दोन भिंगं. मास्तर जन्मभर शाळेत चित्रकला शिकवत होते, मी इस्पितळात एक्स-रे काढत होते. दोघांनाही सावल्यांकडे टक लावून बघायची सवय. लोक म्हणतात, ही दुहेरी पंखांची जुनी लष्करी विमानं सगळी सारखीच दिसतात. सारखी कुठली! आधी पंखांमधले उभे दांडे मोजायचे, मग शेपूट बघायची, मग इंजिनाची धुराची नळी कुठल्या बाजूला आहे ते. एवढ्यावर दहातली आठ ओळखता येतात.

जाताना संग्रहालयाच्या बाई सांगून गेल्या — प्रदर्शन पंधरा तारखेला. ज्या विमानाचं नाव कळलेलं नाही, तो फोटो भिंतीवर नाही.

म्हणजे बाबांचा फोटो नाही.

५ नोव्हेंबर

हा नाद मला लागला तो त्या फोटोपायीच. विमानापुढे दोन माणसं. बाबा लष्करी विमानांच्या तळावर मेकॅनिक होते. मी दीड वर्षाची असताना छावणीतच तापाने गेले. त्याआधी त्यांनी छोटा फोटो पाठवला होता, सोबत चिठ्ठी — "डावीकडे मी, उजवीकडे आमचा वैमानिक." छोटा फोटो कधीच हरवला. घरात आहे तो आईने नंतर स्टुडिओकडून मोठा करून आणलेला. डावीकडे बाबा, उंच, हसरे, मान ताठ. माझी मान त्यांच्यासारखी आहे, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असते.

आणि ते विमान कुठल्याच पुस्तकात नाही! दांडे 'लांबनाक्या'चे (हे नाव आमचंच), शेपूट लांबनाक्याची, पण नळी डाव्या अंगाला. लांबनाक्याची उजवीकडे असते. मास्तर म्हणतात, दुरुस्तीत बदलली असेल. मी म्हटलं, नळी म्हणजे काय भांग आहे, आज इकडे पाडला, उद्या तिकडे?

६ नोव्हेंबर

नळी डावीकडेच.

९ नोव्हेंबर

मास्तरांशी वाजलं. ते म्हणाले, लांबनाक्या लिहून टाका, कोण बघतंय. मी बघतेय ना! भिंग तिथेच टाकून मी चहाला गेले. मग पाहिलं तर त्यांनी माझं भिंग लख्ख पुसून ठेवलेलं. मास्तरांना चुकल्यासारखं झालं की ते पुसापुशी करतात. मिटलं.

११ नोव्हेंबर

सापडलं!! सकाळी फोटोसमोर उभी राहून स्वेटरची बटणं लावत होते. हात थबकला. बाबांच्या कोटाची बटणं माझ्यासारखीच, बायकी पद्धतीने लावलेली. वैमानिकाचीही तशीच. दोघे पुरुष बायकी कोट घालून उभे? शक्यच नाही. स्टुडिओवाल्याने निगेटिव्हची काच पालथी ठेवून फोटो छापला, आणि सगळ्या उजव्याचं डावं झालं. नळी उजवीकडेच होती. विमान लांबनाक्याच!

चाळीस वर्षं प्रत्येक एक्स-रेवर शिशाचा 'डा' नाहीतर 'उ' लावला. नव्या मुलींना त्यावरून रडवलं. आणि घरच्या भिंतीवर हे! मास्तर इतके हसले की चष्मा काढावा लागला. दोघांनी एकेक जादा चहा घेतला. बाईंना नाव कळवलं, फोटो आता सरळ छापून लागणार. आज माझ्याइतकं सुखी कुणी नाही.

१२ नोव्हेंबर

फोटोखालची ओळ लिहायला बसले. "डावीकडे" एवढं लिहिलं आणि पेन तिथेच अडलं.

सरळ केलेल्या फोटोत डावीकडे तो दुसरा आहे.

बुटका. उन्हाने डोळे बारीक केलेले. खांद्यावर तेलकट फडकं. फडकं! मेकॅनिकच्याच खांद्यावर ते असणार, इतकं साधं मला सुचू नये? विमानाचे दांडे मोजले, माणसाकडे बघितलं नाही. जन्मभर एका परक्या वैमानिकाची मान मिरवत फिरले आणि सख्ख्या बापाला नुसतं शेजारी उभं करून ठेवलं. फार रडले. त्यांची माफी मागितली, मोठ्याने.

१३ नोव्हेंबर

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने बाबांना पाहिलंय, त्यांच्या मांडीवर खेळलीय. मग ती कधी बोलली कशी नाही? विसरली असेल. की विचारूच नये? उद्या जाते.

ओळ पुरी केली — "डावीकडे माझे बाबा, मेकॅनिक." बरं वाटलं. त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसले. चेहरा मायाळू आहे.

१४ नोव्हेंबर

ताई काही विसरलेली नाही. म्हणाली, "फोटो उलटा आलाय हे आईला घरी आणल्या आणल्याच कळलं. परत करायला निघाली होती. तू तीन वर्षांची. त्या उंच माणसावर बोट ठेवून 'बाबा' म्हणालीस, आणि आई हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग मीच तिला खिळा आणून दिला."