डॉक्टरच्या तोंडचा आवाज

प्रिय मोना,

मागच्या आठवड्यात मी तुला कळवलं की, वाऱ्यामुळे शूटिंगचा आवाज खराब झाला, म्हणून डॉक्टरचे तुझे संवाद पुन्हा रेकॉर्ड करावे लागले, आणि तू मळणीसाठी कुरुंदवाडला असल्यामुळे ते पुण्याच्या एका मुलीने म्हटले. यातलं एवढंच खरं की तू कुरुंदवाडला होतीस. आवाज स्वच्छ होता. पुण्याची मुलगी कुणी नाही. सिनेमात तुझ्या तोंडी माझा आवाज आहे.

फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच "असू दे की गं" म्हणाली असतीस आणि मी तेवढ्यावर सुटले असते. म्हणून लिहितेय.

तो शेवटचा प्रसंग आठवतो ना? कानात माणसं बोलतात म्हणून हादरलेली ती बाई, आणि तिच्यासमोर डॉक्टर होऊन बसलेली तू. संहितेत वाक्य होतं, "तुम्हाला हा आवाज नेमका कुठून ऐकू येतो?" तू म्हणालीस, "आवाज कुठनं येतोय तुमास्नी? भिऊ नगासा, मी हाय की हितं." समोरच्या इरावतीताईंना खरंच रडू फुटलं. मंगळवार पेठेतल्या त्या खोलीत 'कट' म्हणायचं कुणाला सुचेना. नंतर मी तुझा हात धरून म्हणाले, असं डॉक्टर बोललेलं मी पडद्यावर कधी पाहिलं नाही. ते मनापासून होतं.

पण तू घरी गेलीस आणि एडिटिंग सुरू झालं. "थरारपटातली हुशार बाई दरवेळी पुण्या-मुंबईचीच का?" असं म्हणून ज्यांनी तुला घेतलं, तेच आपले दिग्दर्शक, उन्मेषसर, तो प्रसंग बघून म्हणाले, "तोंड उघडलं की डॉक्टर वाटत नाही गं, डॉक्टरच्या घरची मोलकरीण वाटते." मोना, त्यावर सगळ्यांच्या आधी मी हसले.

शाळेत जाण्याआधी मला बाबांनीच घरी शिकवलं. मी 'न्हाय' म्हटलं की नीट 'नाही' म्हणेपर्यंत ताटात पोळी पडत नसे. बाबा मूळचे शिरोळकडचे. आजीचा फोन आला की तेही अगदी तुझ्यासारखं बोलायचे, पण खोलीचं दार लावून. हे सबब म्हणून सांगत नाही. त्या दिवशी दार मी लावलं.

सरांनी विचारलं, "तू करशील का तिचा आवाज? तुझं मराठी स्वच्छ आहे." मला आनंद झाला, हेही लिहायला हवं. रेकॉर्डिंगला तुझे ओठ 'हाय की' म्हणायचे, त्यावर माझं 'आहे ना' काही केल्या बसेना. तेव्हा तुझ्या पाठीमागून घेतलेला शॉट वापरू या, असं मीच सुचवलं. त्यामुळे त्या प्रसंगात आता तुझा चेहराही नाही.

आणखी एक. सिनेमातल्या आचारी आकारामचे संवाद तपासायचं काम माझ्याकडे होतं. तो खुनी, म्हणून जास्त रांगडा वाटावा असं वाटून मी त्याच्या तोंडी जागोजागी 'हाय' आणि 'न्हाय' पेरले. परवा अख्खा सिनेमा सलग पाहिला. त्यात तुमच्यासारखं बोलणारा तो एकटाच उरलाय, आणि तोच गळा दाबतो.

काल तुझ्या आईंचा, चिमणाबाईंचा, फोन आला. रविवारच्या कार्यक्रमाला गल्लीतल्या बायकांना घेऊन एसटीनं येते म्हणाल्या. "पोरगी आपल्या बोलीत डॉक्टर झालीया, बघाय नको व्हय?" मी "या की" म्हणाले आणि फोन ठेवला. रविवारी 'पडद्यावर सगळ्यांना जागा' या विषयावर सरांच्या शेजारी बसून तू बोलणार, आणि तिथेच ट्रेलर पहिल्यांदा दाखवणार. तू बोलीच्या मानाबद्दल बोलशील आणि मागच्या पडद्यावर तुझ्या तोंडून मी बोलेन. हे तुला तिथे, आईसमोर कळू नये म्हणून हे पत्र. तुझा मूळ आवाज आणि चेहऱ्याचा शॉट दोन्ही जपून ठेवलेले आहेत, मी खात्री करून घेतली. माझा आवाज काढा, असं मी सरांना सांगणार आहे. नाही म्हणाले तर काम सोडेन, आणि कार्यक्रमात तू सगळं सांगितलंस तर उभी राहून 'खरं आहे' म्हणेन. सरांकडे तू आलीस तर बरोबर जाऊ, नाही आलीस तर एकटी जाईन. आयत्या वेळी माझे पाय मागे फिरतात, तुला ठाऊक आहे, म्हणून दिवस लिहूनच टाकते : शुक्रवार, वीस नोव्हेंबर.

तुझीच (हा शब्द खटकला तर खोडून टाक),
नंदिनी