दोन्हीकडे एकच भाव

वाल्गा, ११ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप माइमूताईस, धाकट्या हेल्दुरचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. गुडघे पुन्हा कुरकुरायला लागले हे वाचून वाईट वाटलं. तार्तूतलं ते तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड सोड म्हणून मी किती वर्षं कानीकपाळी ओरडतोय, पण तू जन्मभर मला सांगत आलीस, तुला ऐकायची सवय कुठून असणार! बागेतली सफरचंदं उतरवलीस का? मांजर परत आलं का? माझी प्रकृती उत्तम आहे. (उत्तम म्हणजे झोप नाही, घास उतरत नाही, आणि एवढं लिहिताना चारदा उठून खिडकीशी जाऊन आलो. रस्त्यावर कुणीही नाही.)

तर ताई, गावात माझी जी शोभा झाली ती दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून तुला सांगण्याआधी मीच कळवतो. आपल्या एस्टोनियाच्या सरकारनं दारूवर आणि गोड पेयांवर कर चढवल्यापासून इकडची माणसं रस्ता ओलांडून पलीकडे वाल्क्यात, म्हणजे लाटवियात, खरेदीला जातात हे तुला ठाऊकच आहे. गाडीची मागची सीट काढून जातात आणि येताना गाडीचं पोट जमिनीला घासतं. सरकार म्हणतं लोकांनी कमी प्यावं. लोक म्हणतात, बरं, पलीकडे जाऊन पितो. मीही जातो. पण मी चालत जातो, रोज जातो आणि नासपतीच्या गोड सोड्याची एकच बाटली आणतो. (तू म्हणशील, तुझ्या रक्तातली साखर वाढलीये, डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी गोड बंद केलंय, मग बाटल्यांचं करतोस काय? तळघरात ठेवतो. तळघरात आता पाय ठेवायला जागा नाही. त्याचं कारण पुढे येईल, किंवा येणारही नाही, बघू.)

गेल्या मंगळवारी दोन्ही सरकारांची मिळून एक समिती आपल्या नगरभवनात आली. तालिनहून आपली एक बाई, रिगाहून त्यांचा एक साहेब. दोन्ही देशांनी एकाच दिवशी, एकाच दरानं कर लावायचा, म्हणजे रस्ता ओलांडण्यात कुणाला फायदाच उरणार नाही, असा बेत. दोन्हीकडच्या दुकानदारांना आणि गावकऱ्यांना आपापल्या भाषेत कळावं म्हणून दुभाषी ठरवला होता, त्याला ऐन वेळी गालगुंड झालं. गालगुंड, वयाच्या पन्नाशीत! मग कुणीतरी म्हणालं, रेल्वेतला तो निवृत्त सिग्नलवाला हेल्दुर आहे ना, त्याची आजी लाटवियन होती. झालं. मला कोट चढवून दोघांच्या मधे बसवलं.

आता ताई, तू मला लहानपणापासून ओळखतेस. मी खोटं बोलणारा माणूस नाही. पण बाई बोलायला लागल्या, "एकानं कर वाढवायचा आणि दुसऱ्यानं नाही, तर आजार कमी होत नाही, फक्त गाडीतून फिरून परत येतो. आपण बरोबरच पाऊल टाकू," आणि मला आधी माझी बाटलीच आठवली. दोन्हीकडे एकच भाव झाला, तर मी रोज पलीकडे कशासाठी जातो हे लोकांना सांगू काय? मी लाटवियनमध्ये सांगितलं, "बाई म्हणतात, घाई नको. विचार करू." साहेबांचा चेहरा पडला. तरी ते भले गृहस्थ म्हणाले, "आमची पूर्ण तयारी आहे. जानेवारीपासूनच लावू." मी बाईंना सांगितलं, "साहेब म्हणतात, त्यांच्याकडे जानेवारी फार कडक असतो."

बाईंनी विचारलं, हवामानाचा इथे काय संबंध? मी तो प्रश्न "इथलं जेवण कसं असतं" असा पोचवला. साहेबांनी डुकराच्या मटणाचं आणि वाटाण्यांचं सविस्तर वर्णन केलं. ते मी बाईंना "त्यांचं मंत्रिमंडळ राजी नाही" असं ऐकवलं. पाऊण तास हे चाललं. साहेब उत्साहानं मान डोलावताहेत आणि मी त्याचा नकार करून सांगतोय. बाई वहीत भराभर लिहिताहेत आणि कपाळाला हात लावताहेत. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. थांबावंसं वाटत होतं, पण एकदा चुकीचा सिग्नल दिला की गाडी थांबते थोडीच!

तेवढ्यात पलीकडच्या दुकानदारांच्या रांगेतून स्काइद्रीते उठली. (ही वाल्क्यातली दुकानदारीण. विधवा आहे. मी सोडा हिच्याकडून घेतो. बाकी काही नाही.) उठली आणि स्वच्छ, खणखणीत एस्टोनियनमध्ये म्हणाली, "बाई, हा माणूस तुम्हाला फसवतोय. साहेब मघापासून हो म्हणताहेत."

सभेत असा काही हशा झाला म्हणून सांगू! पण ती हसली नाही. तिनं दोन्ही भाषांत, आलटून पालटून, सांगितलं, "मी हा माल विकते, मला विचारा. खोकेच्या खोके घरात आले की ते तसेच पडून राहत नाहीत. एकेक चेहरा माझ्या ओळखीचा आहे. आधी माणूस पायऱ्या पळत चढतो. मग कठडा धरून चढतो. मग एक दिवस त्याची बायको रिकाम्या बाटल्या परत करायला येते. माझा नवरा झिगुर्ड्स माझ्याच दुकानातल्या फळीवरचं प्यायला आणि चोपन्नाव्या वर्षी गेला. माझा धंदा बसेल, ठाऊक आहे मला. बसू दे. पण दोघांनी मिळून करा, नाहीतर माझ्याऐवजी शेजारचा विकेल." ताई, मी मान वर केली नाही. माझ्या एका बाटलीच्या सोयीसाठी मी काय अडवून धरलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी उठलो, दोघांची माफी मागितली आणि बाहेर आलो.

ती मागून आली. "अहो सिग्नलवाले, थांबा." मी थांबलो. म्हणाली, "चार वर्षं रोज गल्ल्यापाशी उभं राहून एस्टोनियनमध्ये पुटपुटता. आज केस छान बांधलेत, आज दमलेली दिसतेय..."

मी विचारलं, "तुम्हाला कळायचं?"

"अर्धी गिऱ्हाइकं तुमच्याकडची. न कळून दुकान चालेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही गप्प झाला असता," म्हणाली, आणि आत निघून गेली. उरलेल्या सभेचं भाषांतर तिनंच केलं. ठराव एकमतानं झाला.

त्याला आज चार दिवस झाले. मी पलीकडे गेलेलो नाही. कुठल्या तोंडानं जाऊ? घरात येरझारा घालून सतरंजी झिजली. बाकी सगळं क्षेम. गुडघ्यांना लोकरीचं बांध आणि भाचरांना माझे आशीर्वाद सांग.

तुझा,
हेल्दुर

ता. क. १ – पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. कैलासवासी भाऊजींचा काळा सूट कपाटात पडूनच असेल. परतीच्या टपालानं पाठव. पुढच्या रविवारी एके ठिकाणी जाऊन माफी मागायची आहे, आणि नुसतीच माफी नाही. पँट लांब होईल, ती मी दुमडून घेईन. कुणाला बोलू नकोस.

ता. क. २ – पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. सूट नको. आज सकाळी आठ वाजता दार वाजलं. दारात स्काइद्रीते, हातात पिशवी. म्हणाली, इकडे पाव घ्यायला आले होते. ताई, आपला पाव त्यांच्यापेक्षा महाग आहे आणि चवीलाही यथातथाच. मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. उद्याही लागेल म्हणाली.