दोन पानं एकदम

प्रिय दादा,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते, उगाच काळजी करू नकोस. विद्यापीठातले आम्ही सोळा जण दर मंगळवारी पलीकडच्या शाळेत जातो आणि एकेका मुलाला घेऊन वाचायला बसतो. माझ्या वाट्याला आली बडबडी. सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, तोंडाचा पट्टा अखंड चालू. हत्तीच्या गोष्टीचं पुस्तक ती असं घडाघडा वाचायची की मी हवेतच. महिन्याभरात मी तिच्या कागदावर ‘वाचता येतं’ असं लिहून मोकळी झाले. म्हणजे आता तिची जागा दुसऱ्या मुलाला जाणार.

शेवटच्या दिवशी तिनं चुकून दोन पानं एकदम उलटली आणि मधल्या पानावरचं, जे समोर नव्हतंच, ते न अडखळता म्हणून दाखवलं. सगळं पुस्तक पाठ होतं पठ्ठीला! मी दुसरं पुस्तक पुढे केलं, तर म्हणाली, ताई ते नको, मी ह्यातच हुशार आहे.

मोठ्या बाईंकडे जाऊन चूक कबूल केली. त्यांनी चांगलंच झापलं. जागा तर गेलीच होती. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, शाळा भरायच्या आधी अर्धा तास येते, कुठेही बसवा. त्यांनी खेळाच्या सामानाची खोली दिली. तिथे चेंडूंच्या जाळीशेजारी आम्ही पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. ती रडली, रुसली, मला खडूस म्हणाली. पण परवा दारावरचं ‘ढकला’ तिनं स्वतः वाचलं, ढकललं, आणि नंतर पाचदा उघडून-लावून पाहिलं. मला इतका आनंद झाला की कुणाला सांगू असं झालं.

आणि तूच आठवलास. मी पहिलीत होते, तू सहावीत. तुझे धडे नुसते पाठ असतात, हे मला कळलं आणि मी ते पाहुण्यांसमोर सांगून टाकलं. सगळे हसले. पुढच्या वर्षी तू शाळा सोडून सुतारकामाला लागलास, पण मला एका शब्दानं बोलला नाहीस. चुकलं रे माझं. आजवर माझी पत्रं वहिनीच तुला वाचून दाखवत आली. हे मात्र मी मोठ्या अक्षरांत, शब्दाशब्दांत भरपूर जागा सोडून लिहिलंय. पाकिटावरही ‘दादा, तूच वाच, रोज एक ओळ’ असं लिहिलंय, तिला देऊ नकोस. फळ्यांवर गिऱ्हाइकांची नावं तूच लिहितोस, अक्षरं तुला येतात. घाई नाही. अडशील तिथे पेन्सिलीनं खूण कर. सुट्टीत मी येतेय, तिथूनच पुढे दोघं मिळून वाचू.

तुझीच,
धाकटी