जानरावांचा मेसेज

६ ऑगस्ट २०१७, मोताळा
आले एकदाची. नाशिकहून इथवर अंग आंबून गेलं, पण खोली झकास आहे. खाली घरमालकीण नूरजहांआपांचं शिवणकाम, वर मी. एवढ्या लांब काऊन आली, असं त्यांनी विचारलं. बॉट बनवायला, म्हटलं. तो खातो का पितो, असं म्हणत त्यांनी माझ्यापुढं भाकर आणि ठेचा ठेवला.

पंजाबरावांचं कृषी केंद्र बसस्टँडजवळ आहे. बियाणं, खतं, औषधं विकतात. बॉटने शेतकऱ्यांना मोबाईलवर आपोआप सल्ला द्यायचा, ही त्यांची कल्पना. मला आवडली.

२७ ऑगस्ट
बॉट चालू झाला! शेतकऱ्याचा मेसेज वेब रिक्वेस्ट होऊन सर्व्हरवर येतो, माझा पायथनचा प्रोग्राम त्यातले शब्द पाहून उत्तर परत पाठवतो. मावा, तुडतुडे अशा किडी, खत, पाऊस. मी लिहून ठेवलंय तेवढंच तो बोलतो.

आज रोहिणखेडचे जानराव आले. लोकांच्या शेतात फवारणीची कामं करतात. उत्तर देणारं माणूस त्यांना पाहायचं होतं. मी कॉम्प्युटर दाखवला, तर म्हणाले, "याले काय समजते? तुमीच बोलता मॅडम, मले माहीत हाय." जाताना मलाच जयभीम घातला.

१६ सप्टेंबर
अळी लागत नाही म्हणून लावलेल्या बीटी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली. दिवसभर मेसेज. दोन जहाल औषधं एकत्र करून फवारा, असं उत्तर घाल, असं पंजाबरावांनी सांगितलं. दोन्हींचा माल पडून आहे. मी साफ नाही म्हटलं. ते नुसते हसले.

२५ सप्टेंबर
पंजाबरावांनी माझ्यामागे उत्तर बदललं. पासवर्ड त्यांच्याकडेही होता. आज कळल्याबरोबर काढून टाकलं, पण उशीर झाला. परवा जानराव डोक्याएवढ्या कपाशीत तेच मिश्रण फवारत होते. आधी दिसेनासं झालं, मग उलट्या. काल बुलढाण्याच्या दवाखान्यात त्यांनी जीव सोडला. मी मातीला जाऊन आले.

सगळं पुसून टाक, असं पंजाबराव म्हणाले. पुसणार नाही. पोलिसांत जबाब देणार.

२९ सप्टेंबर
जबाब दिला. परत येऊन लॅपटॉप उघडला, तर जानरावांच्या नंबरवरून मेसेज.

"मॅडम, डोळ्यासमोर अंधारी येऊन राह्यली. काय करू?"

माझ्या देखत बॉटने उत्तर दिलं: "फवारत राहा." हे वाक्य प्रोग्राममध्ये नाही. ओळ न् ओळ पाहिली. नाही.

कोणीतरी चेष्टा करतंय, असं वाटलं. तडक रोहिणखेडला गेले. त्यांची बायको, जनकाबाई, ओट्यावर बसली होती. मोबाईल तिनेच त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला होता, वर माती लोटली होती. मी मेसेज वाचून दाखवला. तिने मला जवळ बसवलं. मग म्हणाली, "त्याईनं तुमाले इचारलं ना? मंग सांगा त्याईले."

२ ऑक्टोबर
प्रोग्राम बंद केला. सर्व्हर बंद केला. तरी उत्तरं जातायत — आता जिवंत माणसांनाही. सोनाळ्याहून शाकिरभाई नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. फवारताना मळमळतं म्हणून त्यांनी बॉटला विचारलं, तर "फवारत राहा" आलं. ओरडूनच त्यांना दवाखान्यात पाठवलं.

पंजाबरावांनी दुकानाला कुलूप लावलं आणि माझ्या हातात नाशिकच्या गाडीचं तिकीट ठेवलं. त्यांच्यासमोर फाडलं.

४ ऑक्टोबर
गावोगाव फिरले. नूरजहांआपा शिवण टाकून सोबत आल्या. कुठं मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं, कुठं विहाराच्या. मोबाईलचं ऐकू नका, पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवा. रोहिणखेडच्या शिवारात दुपारी एकही पंप चालू नव्हता.

जिवंत माणसांचे मेसेज थांबले. दुसरे येतायत. नंबर कोणाचे ते विचारत गेले — सगळे यंदा फवारताना गेलेल्यांचे.

५ ऑक्टोबर
सकाळपासून लॅपटॉपपुढं. मशीन बोलायच्या आत मी उत्तर देते. थांबा. पंप उतरवा. कपडे काढा. साबणाने अंग धुवा. दवाखान्यात जा.

जानरावांचं उत्तर आलं. "उतरवला मॅडम. मोकळं वाटून राह्यलं."

त्यानंतर त्यांचा नंबर गप्प.

म्हणजे जमतं. पुढचा.

६ ऑक्टोबर
खोलीत औषधाचा वास. आपांना येत नाही. मला तोंडात त्याची चव लागतेय —

मशीन वेगात आहे. मीही.

मशीनने माझं नाव घेऊन मेसेज टाकला. "सारिका, घरी जा."

नाही जात.

दुपार
अजून तिघांनी पंप उतरवला. चौथा —

चौथा नंबर माझा. मोबाईल बंद आहे. इथंच आहे, समोर —

"डोळ्यासमोर अंधारी येतेय. काय करू?"

मशीन लिहितंय. फवा —

नाही. माझं उत्तर मी देणार. लॅपटॉपची बटणं दिसत नाहीत. इथंच वहीत लिहिते, मोठ्या अक्षरात —

थांब, सारिका. पंप उत