खांबाकडची माझी बाजू

घाटंजी,
नवरात्राची तिसरी माळ

प्रिय जाऊबाई,

पंधरा वर्षं तुम्हाला ‘अहो जाऊबाई’ म्हटलं, आज पत्रात ‘तू’ म्हणते. रागावू नकोस. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायची हिंमत होते आहे. तोंडावर सांगायचं असतं तर माझी जीभच उचलली नसती.

लिहायचं कारण शालू. काल संध्याकाळी खो-खोच्या सगळ्या पोरी आपल्या ओसरीवर येऊन बसल्या. पाऊस संपला आहे, पोळ्याच्या बैलांनी मैदान पार उखणून ठेवलं आहे, आणि तू ज्येष्ठातच निघून गेलीस. मग यंदा मैदान कोण करणार? मी काही बोलायच्या आत माझी शालूच म्हणाली, “यंदा माही माय करते. मोठीमायवानी घसरडं नाही करणार ते.”

तुझं नाव निघालं तशा पोरी हसल्या. मीही हसले, काय करू? जन्मभर जे ऐकायला कान आसुसले होते, ते पोटच्या पोरीनं चारचौघींत म्हटलं. आणि मला भाकर गोड लागली नाही. मेल्यावरसुद्धा तू मला सुखानं जिंकू देत नाहीस!

खरं सांगू? या घरात आले त्या दिवसापासून मी तुझ्यावर जळत आले. मी सातवी पास, गोरी, यवतमाळची. तू काळीसावळी, अंगठा उठवणारी. कौतुक कोणाचं व्हायला हवं होतं? पण सासूबाईंना कढी तुझ्याच हातची लागायची. गाय तुझाच हात लागला की पान्हा सोडायची. पाहुणा दारात चपला काढतानाच विचारायचा, मोठी सून कुठं आहे?

आणि शालू! तुला मूलबाळ झालं नाही म्हणून सगळं गाव हळहळायचं. मी मनात म्हणायचे, हिच्यासाठी कसली हळहळ, हिनं तर माझीच पोरगी घेतली. वेणी तुझ्याकडून, गोष्ट तुझ्याकडून, झोपायला तुझी वाकळ. माझ्याकडे ती फक्त पाढे म्हणायला यायची.

मैदान तरी माझं असायला हवं होतं. आपण मुंबई राज्यात गेलो त्याच्या पुढच्या साली शाळेच्या मैदानावरून मुलांनी पोरींना हाकलून दिलं, तेव्हा मी मास्तरांना अर्ज लिहायला बसले होते. चांगला दोन पानी अर्ज! तू तोवर पदर खोचून, कुदळ घेऊन पोळा भरतो त्या पडीक जागेवर गेलीसही. तिसऱ्या दिवशी तुझ्यामागं वीस बायका होत्या. माझा अर्ज अजून ट्रंकेत आहे.

शालूचे बाबा म्हणाले, काळ्या मातीवरच मुरूम टाका नि मोकळ्या व्हा. तू ऐकलं नाहीस. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचं सगळं उलथून टाकते, हे तू त्यांना हातवारे करून सांगितलंस. हातभर खोदून काळी काढली, मुरूम भरला, त्यावर पांढरी माती, आणि मग आपण सगळ्या गुडघे टेकून ओळीनं लाकडी चोपण्यांनी ती चोपत सुटलो. शेजारच्या जैनबभाभी विहिरीवरून घागरी आणायच्या. तांड्यावरच्या बायका बाजाराच्या दिवशी डोक्यावर पांढऱ्या मातीचं एकेक टोपलं आणायच्या, तुझ्यासाठी. माझ्यासाठी कोणी कधी कोथिंबिरीची काडी आणली नाही.

दरवर्षी पोळ्याला बैल यायचे आणि त्या ओल्या जमिनीत गुडघ्याएवढे खड्डे करून जायचे. मी म्हटलं, पोळा दुसरीकडे भरवायला सांगू, मी पाटलांना लिहिते. तू म्हणालीस, “बैलायचा वर्षातून एक दिवस व लहाने. त्यायले कायले हाकलतं? आपले हात आहेत ना.” झालं! सगळ्या बायका तुझ्या बाजूनं. पाऊस थांबला की पुन्हा पहिल्यापासून चोपणं, सारवणं, सडा. आठ वर्षं केलंस. मीही केलं, पण माझ्या आठ वर्षांचं कोणाला काही आहे का?

आता त्या सकाळचं बोलते. शालू बारा वर्षांची होती. दिवाळीनंतर यवतमाळच्या पोरींचा संघ खेळायला येणार होता. माझ्या माहेरचा संघ! माझी मावशी यायची होती, मावसबहिणी यायच्या होत्या. आपण दोघींनी आपसातच मैदान वाटून घेतलं होतं. चिंचेकडचा खांब तुझा, विहिरीकडचा माझा.

तुझं सारवण मला कधीच आवडलं नाही. बोटांचे वळ तसेच उठलेले, खरबरीत. तू म्हणायचीस, पोरींच्या पायाला धरलं पाहिजे. मला वाटायचं, आळशीपणा आहे, नाव चांगलं दिलंय. आदल्या दिवशी तू घरी गेल्यावर मी माझ्या बाजूला शेणाचा आणखी एक हात दिला. ओल्या फडक्यानं वळ पुसले. मग नदीतला गुळगुळीत गोटा घेऊन घोटलं, आपण देवघरापुढची जमीन घोटतो तसं. हात भरून आले पण सोडलं नाही. उद्या मावशीनं दोन्ही बाजू पाहाव्यात आणि विचारावं, ही कोणी केली? एवढंच हवं होतं मला. देवाशप्पथ, एवढंच.

पहाटे दव पडलं. सकाळी खेळ सुरू झाला, शालू जीव घेऊन पळाली, माझ्या खांबाशी वळली आणि दोन्ही पाय निसटले. मनगटाचा आवाज मला पाहुण्यांसाठी घातलेल्या मंडपाच्या कडेला ऐकू आला.

मी जागची हलले नाही. तू धावलीस. तिला उचललंस. आणि कोणी विचारायच्या आधी मोठ्यानं म्हणालीस, “हे बाजू म्या सारवली. माहा हात जास्त फिरला.”

जैनबभाभींनी माझ्याकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी विहिरीवरून त्यांनी मला घोटताना पाहिलं होतं. मी खाली पाहिलं.

हाड बसवताना शालू किंचाळत होती आणि तुझा हात झिडकारत होती. पुढे महिनाभर तुझ्याशी बोलली नाही. तू दारात आलीस की भिंतीकडे तोंड करायची. वेणी माझ्याकडून, जेवण माझ्या हातचं, निजायला माझ्या कुशीत. जाऊबाई, आता ऐक. तो महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना होता. पोरीचा हात झोळीत, तू मागच्या दारी एकटी तांदूळ निवडत बसलेली, आणि मी मनात गाणी म्हणत होते. कसली बाई आहे मी!

एकदाच विचारलं तुला, काहून केलं असं? तू सुपातून मान वर केली नाहीस. म्हणालीस, “माह्यावर रुसली तं तुह्यापाशी येते. तुह्यावर रुसली तं कोनापाशी जाईल?”

कोणापाशी म्हणजे? तुझ्यापाशीच आली असती! वाकळ घेऊन त्याच दिवशी आली असती, आणि पुन्हा माझ्याकडे फिरकली नसती. हे तुला कळत नव्हतं? मला तर कळत होतं. तुझ्या पदरात पोरगी आपसूक पडत होती आणि तू ती माझ्याकडे सरकवलीस. तेव्हा मला तुझे पाय धरावेसे वाटायला हवे होते. मला वाटलं, बघा, यातही हीच मोठी झाली! चूक माझी, हात माझ्या पोरीचा मोडला, आणि मोठेपणा हिचा. एवढं जळणं मी आधी कधी जळले नव्हते.

महिन्यानं शालू आपणहून फणी घेऊन तुझ्याकडे गेली. तू तिला विचारलंही नाहीस, काय व, राग गेला का. नुसते केस मोकळे केलेस. मी चुलीपुढून पाहत होते, दूध उतू गेलं.

पण घसरड्या बाजूचं तुझं नाव तसंच राहिलं. पोरी चेष्टेत म्हणायच्या, तू हसायचीस. मी दोन वर्षं दर सारवणाला ठरवायचे, आज सांगू. तू तापानं पडलीस तेव्हाही ठरवलं होतं. तू गेलीस आणि पोरींनी तुला हुंदके देत नेलं. मी तेव्हाही मोजत होते, माझ्या वेळी एवढ्या येतील का?

आज सकाळी मैदान पाहून आले. चिंचेखाली, जिथं बैल उभे राहत नाहीत, तिथं वीतभर तुकडा उरला आहे. तुझ्या चार बोटांचे वळ तसेच आहेत. मी हात ठेवून पाहिला. माझी बोटं तुझ्या वळांत बसत नाहीत, आखूड पडतात. तिथंही! वाटलं, हा तुकडा जपून ठेवावा, भोवती विटा लावाव्यात. मग म्हटलं, तू असतीस तर ओरडली असतीस, पोरी खेळतील कुठं?

तर माझा शब्द घे. उद्या सकाळी बायका जमल्या की शेणात हात घालायच्या आधी मी शालूला सगळ्यांसमोर सांगणार आहे, विहिरीकडची बाजू माझी होती. गोटा माझा होता. मोठीमायनं कधीच घसरडं केलं नव्हतं. मग आपल्या दोघींच्याही बाजू मी सारवीन, वळ न पुसता. तुझा तुकडाही सारवीन. आणि पायाला धरेल असं, तुझ्याहून चांगलं करीन, हे आताच सांगून ठेवते.

शालू रुसेल. महिनाभर, कदाचित जास्तच. फणी घेऊन उठेल, तुझ्या खोलीच्या दारापर्यंत जाईल. तू तिथं नाहीस. दारातच उभी राहील पोरगी, आणि मला चुलीपुढून बघत बसावं लागेल.

तुझ्यावर जळणारी,
तुझी लहानी